सोपाऱ्याचे वारे आणि तुळिंजचे चतुर

तुळिंजमध्ये इतिहासाचं व्याख्यान ठेवलं की वक्त्याची पंचाईत होते. स्तूप रेल्वेच्या पलीकडे, चक्रेश्वराचं तळं पलीकडे, जुनं सोपारे गाव पलीकडे. स्टेशनाच्या नावात नाळे आहे, सोपारे आहे, तुळिंज नाही. आपण पूर्वेचे लोक. आपल्या वाट्याला इमारती, रिक्षा आणि सकाळी सातची लोकल. म्हणून आज आम्ही ठरवलं की पलीकडून सुरुवात करायची, पण संपवायचं इथेच, अगदी आपल्या पार्किंगमध्ये. आणि विषय राजाचा नाही, किड्याचा आहे. लहानपणी ज्याच्या शेपटीला आपण सगळ्यांनी दोरा बांधला, त्या चतुराचा.

दोरा बांधला नाही असा इथे कोणी असेल तर हात वर करा. (हशा) बघा, एकही नाही. आम्हीही बांधला आहे. तेव्हा गुन्हा कबूल करूनच पुढे जाऊ.

१८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी सोपाऱ्यात आले. बुरूड राजाचा कोट म्हणून लोक ज्या टेकाडाला ओळखत, ते त्यांनी खणलं आणि आत बौद्ध स्तूप निघाला. त्याच वर्षी त्यांना अशोकाच्या शिलालेखाचा एक तुकडा सापडला. तो आठव्या आज्ञालेखाचा. पुढे १९५६ साली भुईगावला नवव्या लेखाचा तुकडा मिळाला. आता या आठव्या लेखात काय आहे? पूर्वीचे राजे विहारयात्रांना जात, शिकार करत, मौज करत. आपण ते सोडून धर्मयात्रा सुरू केली, असं अशोक सांगतो. चौदा आज्ञालेखांपैकी नेमका शिकार सोडल्याचा लेख आपल्या गावात टिकला, हा योगायोग आम्हाला फार आवडतो.

पण शिकार म्हणजे हरणं, मोर. किड्यांचं काय? त्यासाठी अशोकाच्या दुसऱ्या एका लेखाकडे जावं लागतं. तो सोपाऱ्यातला नाही, उत्तरेकडच्या स्तंभांवरचा पाचवा लेख आहे, राज्याभिषेकाला २६ वर्षं झाल्यावर कोरलेला. त्यात मारू नयेत अशा प्राण्यांची लांब यादी आहे. पोपट, मैना, चक्रवाक, हंस, वटवाघूळ अशी नावं येतात, आणि त्यातच एक मुंगीही आहे. ती राणीमुंगी की आंब्यावरची मुंगी, यावर पंडितांचं अजून एकमत नाही. आणि पुढे एक बारीकशी आज्ञा आहे की ज्या भुशात जीव आहेत तो भुसा जाळू नये. आम्ही पहिल्यांदा वाचलं तेव्हा थांबलोच. सव्वादोन हजार वर्षांपूर्वी एका सम्राटाला भुशातल्या किड्याचा धोका दिसला होता. तो धोका जाळणाऱ्यालाही दिसत नाही, आणि किड्याला तर नाहीच नाही. आजचा विषय हाच. ज्याला संकट म्हणून ओळखण्याची सोय किड्याच्या अंगात नाही, असं संकट.

आता एक अडचणीची गोष्ट. आपल्या या पट्ट्यात भात पिकायचं ते राबावर. इथल्या जुन्या मंडळींना सांगायला नको. शेण, पातेरा, फांद्या, गवत असं थरावर थर रचायचं, वर माती पसरायची आणि पावसाआधी ते भाजायचं. त्या भाजलेल्या जागेत रोपं जोमानं उठतात, तण येत नाही, कीड मरते. म्हणजे आशोकानं जे करू नका म्हटलं तेच ठाणे जिल्ह्यातला शेतकरी दरवर्षी करत होता, आणि त्याशिवाय त्याचं भागतही नव्हतं. आम्ही त्याला दोष देणार नाही. उलट सांगायचं ते असं की राबात जेवढे किडे मरले, त्याच्या कित्येक पटींनी त्याच शेतकऱ्याच्या खाचरात जन्माला आले.

कारण भाताचं खाचर म्हणजे काय? आषाढ-श्रावणात वीतभर पाणी, उन्हानं कोमट झालेलं, मोठे मासे नाहीत, डासांच्या अळ्या भरपूर. चतुराच्या पिल्लाला यापेक्षा अधिक काय पाहिजे? चतुराचं पहिलं आयुष्य पाण्यात जातं हे पुष्कळांना माहीत नसतं. मादी पाण्यावर शेपटी टेकवत अंडी सोडते. त्यातून जे पिल्लू निघतं ते पंख नसलेलं, मातकट, खादाड असतं. खालचा ओठ हातासारखा पुढे फेकून ते भक्ष्य पकडतं. बहुतेक जातींची पिल्लं महिनोन्‌महिने पाण्यात असतात. पण आपल्याकडे पावसाळ्यात झुंडीनं दिसणारा जो पिवळसर-तांबूस चतुर आहे, तो घाईतला गडी आहे. शास्त्रीय नाव पॅन्टाला फ्लॅव्हेसेन्स. १७९८ साली फॅब्रिशियस या डॅनिश शास्त्रज्ञानं त्याचं पहिलं वर्णन छापलं, तेही भारतातल्या नमुन्यावरून. लेफ्टनंट कर्नल फ्रेझर हे लष्करी डॉक्टर भारतभर चतुर गोळा करत हिंडले आणि १९३३ ते १९३६ या काळात त्यांचे तीन जाडजूड खंड निघाले. त्यांतही हा आहे. ऊब आणि खाणं मिळालं तर याचं पिल्लू सहा ते नऊ आठवड्यांत तयार होतं. खाचरातलं पाणी आटायच्या आत पंख फुटलेच पाहिजेत, हा त्याचा हिशोब. पाऊस पंधरा दिवस दडी मारून बसला तर हिशोब चुकला, आणि खाचराच्या तळाशी चिखलाबरोबर तेही वाळलं.

पाण्याबाहेर यायची वेळही वाईटच. रात्री पिल्लू काडीवर चढतं, पाठ उकलते, आतून मऊ, ओला चतुर बाहेर येतो. पंख ताठ व्हायला तास-दोन तास लागतात. तेवढ्यात मुंग्या आल्या, वारा सुटला, काडी हलली, की खेळ खलास. टाचण्या बारकाईनं पाहिल्यात तर कधीकधी पोटाखाली लालसर दाणे चिकटलेले दिसतील. आम्हाला लहानपणी ती अंडी वाटायची. ते जलकोळी असतात, पाण्यातले माइट. टाचणी कात टाकताना ते जुन्या अंगावरून नव्या अंगावर चढतात आणि तिचं रक्त पितात. एवढं सगळं असूनही चतुर टिकला. किती वर्षं? त्याच्या कुळातले किडे डायनासोरांच्याही आधीचे आहेत.

आता पुन्हा सोपाऱ्याकडे वळू, कारण इथे आमच्या आवडीचा भाग आहे.

इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्यानं तांबड्या समुद्राकडून भारताकडे येणाऱ्या मार्गांची वाटाडी पोथी लिहिली. पेरिप्लस म्हणतात तिला. त्यात भडोचनंतर दक्षिणेकडची जी बंदरं येतात त्यांत सुप्पारा आहे, कल्याण आहे. आणि त्याच पोथीत हिप्पालस नावाच्या तांडेलाचा उल्लेख आहे, ज्यानं किनारा सोडून सरळ समुद्रातून येण्याची वाट दाखवली असं ती म्हणते. वाट म्हणजे वाऱ्याची वाट. नैर्ऋत्येचा मोसमी वारा धरायचा आणि इकडे यायचं, ईशान्येचा सुटला की परत जायचं. अर्थात आपल्या आणि अरब खलाशांना हे आधीच माहीत असणार, पण पोथी ग्रीकानं लिहिली म्हणून नाव ग्रीकाचं झालं. असो.

सोपाऱ्याची खाडी पुढे गाळानं भरली, गलबतं बंद झाली, व्यापार ठाण्याला, वसईला, मग मुंबईला गेला. वारे मात्र तेच राहिले. आणि त्या वाऱ्यांवर अजून कोणीतरी प्रवास करतंय, हे कळायला एकविसावं शतक उजाडावं लागलं. चार्ल्स अँडरसन हे सागरी जीवशास्त्रज्ञ १९८३ पासून मालदीवमध्ये राहत होते. दर ऑक्टोबरात मालेमध्ये चतुरांचे थवेच्या थवे येतात, हे त्यांच्या लक्षात आलं. मालदीवमध्ये उघडं गोडं पाणी जवळजवळ नाहीच. मग हे येतात कुठून? अँडरसननी वर्षानुवर्षं नोंदी ठेवल्या. आधी दक्षिण भारतात चतुर दिसतात, मग मालेला, मग त्याहून दक्षिणेच्या बेटांवर, मग सेशेल्सला, आणि पुढे पूर्व आफ्रिकेत. २००९ साली त्यांनी मांडलं की हे चतुर हजार मीटरहून वरचा ईशान्येचा वारा पकडून हिंदी महासागर ओलांडतात, आफ्रिकेतल्या पावसात अंडी घालतात, आणि त्यांची पुढची पिढी मे-जूनच्या वाऱ्याबरोबर इकडे येते. सगळा फेरा १४ ते १८ हजार किलोमीटरचा. एक चतुर तो पुरा करत नाही. साधारण चार पिढ्या लागतात. आजोबानं निघायचं आणि पणतवानं घरी पोचायचं.

२०१२ साली मालदीवमध्ये पकडलेल्या चतुरांच्या पंखांतला हायड्रोजन तपासला, तेव्हा त्यांचा जन्म उत्तर भारत आणि त्याच्या आसपासच्या पाण्यात झाला असावा असं दिसलं. तेव्हा तुळिंजचाच चतुर माल्याला पोचला, असा दावा आम्ही करत नाही. पण मोसमी वाऱ्याचा जो मोठा पट्टा आहे, त्यावर आपलं गाव बसलेलं आहे. गलबतांसाठी होतं तसंच.

आणि या वाटेवरचे धोके! तिसऱ्या हिश्श्याचा ग्रॅम वजन, आणि त्यातली चरबी हेच इंधन. वारा मधेच पडला तर खाली खारं पाणी. स्वीडनमधल्या संशोधकांनी २०२१ साली वारा आणि चरबी यांचा हिशोब मांडला, तर भारताकडून आफ्रिकेकडे निघालेल्यांपैकी १५ टक्क्यांच्या आसपास पार होऊ शकतील आणि वसंतातल्या परतीच्या वाटेवर सुमारे ४० टक्के, असा अंदाज निघाला. बाकीचे समुद्रात. शिवाय याच दिवसांत आमूर ससाणे हाच समुद्र ओलांडतात, आणि अँडरसन यांचं म्हणणं असं की ते वाटेत या चतुरांवरच पोट भरत असावेत. म्हणजे शिदोरी आपल्याच बरोबर उडते आहे.

जातककथांत सुप्पारक नावाच्या एका आंधळ्या तांडेलाची गोष्ट आहे. नाव आपल्या सोपाऱ्याशी जुळणारं. गलबत भरकटतं आणि एकामागून एक विचित्र समुद्र लागतात, एक अग्नीसारखा चकाकणारा, एक दह्यासारखा पांढरा. डोळस व्यापारी चकाकी पाहून गोंधळतात आणि आंधळा तांडेल प्रत्येक समुद्र बरोबर ओळखतो. ही गोष्ट आम्ही उगाच सांगत नाही. डोळे असणाऱ्यांनाच चकाकी फसवते, हे पुढे लागणार आहे.

चतुराच्या डोळ्यांएवढे डोळे किड्यांत क्वचितच कोणाला असतात. डोकं म्हणजे डोळेच. मग त्याला पाणी कसं कळतं? वासानं नाही, निळ्या रंगानंही नाही. १८०८ साली पॅरिसमध्ये मालूस नावाचा इंजिनिअर एका स्फटिकातून समोरच्या राजवाड्याच्या खिडक्यांवरचं मावळतीचं ऊन पाहत होता. स्फटिक फिरवला की ती चकाकी कमीजास्त होत होती. गुळगुळीत पृष्ठभागावरून परावर्तित झालेला प्रकाश एकाच दिशेत कंप पावतो, याला आपण ध्रुवित प्रकाश म्हणतो. आपल्या डोळ्याला तो फरक कळत नाही. मधमाशीला कळतो, हे १९४९ साली कार्ल फॉन फ्रिशनी दाखवलं. आणि पाण्याच्या किड्यांना तर तो फार नीट कळतो. पाण्यावरून येणारा प्रकाश आडवा ध्रुवित असतो. वरून उडणाऱ्या चतुराला खाली असा प्रकाश दिसला की त्याचा अर्थ एकच, पाणी. कोट्यवधी वर्षं हा अर्थ बरोबर होता. निसर्गात दुसरं काहीच एवढं गुळगुळीत आणि आडवं पसरलेलं नव्हतं. फार तर कुठे डांबराचं नैसर्गिक डबकं. त्यात किडे फसायचे, पण अशी डबकी जगात मोजकी.

मग १९९१ चं आखाती युद्ध झालं. कुवेतच्या वाळवंटात कच्च्या तेलाची तळी साचली. गॅबोर होर्वाथ हे हंगेरीचे आणि योखेन त्साइल, या दोघांनी १९९६ साली लिहिलं की ही तळी किड्यांचा सापळा झाली आहेत. चतुर त्यांवर अंडी घालायला येत आणि चिकटून मरत. काळं तेल पाण्यापेक्षाही जास्त ध्रुवित प्रकाश फेकतं. म्हणजे किड्याच्या डोळ्याला ते पाण्याहूनही अस्सल पाणी. इथून होर्वाथ आणि त्यांचे सहकारी या मागावरच लागले. डांबरी रस्त्यावर अंडी घालणाऱ्या एकदिवसी माश्या, दफनभूमीतल्या काळ्या घोटीव दगडांवर घिरट्या घालणारे चतुर, काचेच्या इमारती, सोलरची पॅनेलं. आणि गाड्या. २००६ साली त्यांनी दाखवलं की पाण्याचे किडे लाल आणि काळ्या गाड्यांकडे जास्त ओढले जातात. पांढऱ्या रंगातून सगळीकडे विखुरलेला प्रकाश इतका येतो की ध्रुवित भाग पातळ होतो. लाल रंगात किड्याला दिसणारा निळा-जांभळा प्रकाश जवळजवळ नसतोच, म्हणून वरच्या पॉलिशची चकाकी तेवढी उरते.

ब्राझीलमध्ये तर गंमत झाली. गाडीच्या रंगावर आम्लानं पडावेत तसे डाग दिसू लागले आणि संशोधकांनी शोध घेतला तर ते चतुराच्या अंड्यांनी पडले होते. उन्हात तापलेल्या पत्र्यावर अंड्याच्या कवचातून आम्ल तयार होतं आणि पॉलिश खातं. तो शोधनिबंध गाडीच्या रंगाच्या काळजीपोटी लिहिलेला. अंड्यांची काळजी त्यात शोधू नका.

आता पार्किंगमध्ये येऊ. मागच्या भाद्रपदात, पाऊस थांबून ऊन पडलं होतं तेव्हा, आम्ही तुळिंज रस्त्याच्या आतल्या बाजूच्या एका सोसायटीत उभे होतो. काळी, नुकतीच धुतलेली गाडी. तिच्या बॉनेटवर चतुरांची जोडी, नर पुढे, मादी मागे, आणि मादी शेपटी टेकवते आहे. टप, टप, टप. आम्ही मोजायला लागलो. छत्तीसपर्यंत मोजलं आणि मग मोजवेना. पत्र्याला हात लावला तर चटका बसला. एका टेकवणीत किती अंडी पडत असतील देव जाणे. मादी आयुष्यभरात शेकड्यांनी घालते एवढं माहीत आहे. वॉचमन म्हणाला, "रोज येतात, काका. गाडी पुसली की येतातच." त्याच्याकडून एक ओलं गोणपाट मागून घेतलं आणि बॉनेटवर टाकलं. जोडीनं दोन घिरट्या घातल्या आणि निघून गेली. कुठे? शेजारच्या लाल गाडीवर.

त्या सोसायटीच्या जागी पूर्वी काय होतं ते आम्ही विचारलं. जवळच्याच एका आजींनी सांगितलं, भातच होता, पावसात इथून बांधावरून चालत जायचो. म्हणजे चतुर चुकलेला नाही. जागा बरोबर आहे, महिना बरोबर आहे, वारा बरोबर आहे. पाणी तेवढं काढून नेलं आणि पाण्याची चकाकी ठेवली. २००९ साली महानगरपालिका झाली, २०११ च्या जनगणनेत तिची लोकसंख्या १२ लाखांवर गेली. इतकी माणसं कुठेतरी राहणारच. आम्हीही अशाच भरावावरच्या इमारतीत राहतो, तेव्हा या बाबतीत आम्हाला आवाज चढवायचा अधिकार नाही.

पण एक गोष्ट सांगावीशी वाटते. जी थोडी तळी, डबकी, गटारं उरली त्यांत आपण डासांसाठी मासे सोडतो. गॅम्बुसिया १९२८ साली इटलीहून भारतात आणला, मलेरियासाठी. हेतू चांगला होता, आणि मलेरियानं काय हाल केले ते ज्यांनी पाहिलं त्यांना आम्ही काय शिकवणार? पण तो मासा डासाची अळी आणि चतुराचं कोवळं पिल्लू असा भेद करत नाही. आणि चतुराचं पिल्लू डासाच्या अळ्याच खातं. चतुराच्या नजरेनं पाहिलं तर खरं पाणी सापडलं तरी त्यात मासा, खोटं सापडलं तर ते भाजणारं.

वेळ संपत आली आहे. एक-दोन प्रश्न घेऊ.

(श्रोत्यांतून: सोलर पॅनेल गच्चीवर बसवणार आहोत, तिथेही हे होणार का?)

होऊ शकतं. होर्वाथ यांच्या गटानं २०१० साली त्यावर प्रयोग केले. पॅनेलवर पांढऱ्या बारीक रेघांची चौकट आखली तर किडे खूप कमी येतात, थोडी वीज कमी मिळते. सलग चकाकी तुटली की त्यांना ते पाणी वाटत नाही. तुमच्या गच्चीवर पत्र्याचं घमेलं भरून ठेवा असं मात्र आम्ही सांगणार नाही, डास होतील आणि शेजारी आमच्या नावानं बोटं मोडतील. पण इमारतीमागे पावसाचं डबकं साचत असेल आणि त्यात चतुर शेपटी टेकवताना दिसले, तर भराव टाकायची घाई दिवाळीपर्यंत थांबवता येते का, एवढं सोसायटीच्या मीटिंगमध्ये विचारा.

(श्रोत्यांतून: मग गाडी पांढरी घ्यायची का?)

(हशा) आमची मरून आहे, पंधरा वर्षं जुनी. धुणं केव्हाच सोडलं. धूळ बसलेली गाडी चतुराला पाणी वाटत नाही. घरात यावरून बोलणी खातो, पण आता कारण सांगता येतं.